अँडी रॉबर्ट्स आणि अँटिग्वा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेस्ट इंडीजच्या वेगवान गोलंदाजांवर काही लिहिलं की अँडी रॉबर्ट्सबद्दल हमखास विचारणा होते. विचारणारे दोन प्रकारचे असतात. एक, ज्यांनी १९७४-७५च्या वेस्ट इंडीजच्या भारत दौऱ्याचं समालोचन रेडिओला कान लावून ऐकलं. त्यांना एखादी विकेट पडताळून हवी असते. दुसरे, ज्यांनी त्याला १९८३च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या चित्रफितीतच पाहिलंय. त्यांना मुळात हा माणूस कोण, इथपासून हवं असतं. दोघांचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. एकाच गोष्टीची दोनदा उत्तरं होऊ नयेत म्हणून जागोजाग दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अँडी रॉबर्ट्स म्हणजे नक्की कोण?

अँटिग्वा बेटावरून कसोटी क्रिकेटमध्ये आलेला पहिला खेळाडू. जन्म २९ जानेवारी १९५१. उजव्या हाताचा वेगवान गोलंदाज. १९७४ ते १९८३ या काळात ४७ कसोटी सामने आणि २०२ बळी. वेस्ट इंडीजच्या ज्या वेगवान चौकडीची दहशत पुढे पंधरा-वीस वर्षं टिकली, तिची सुरुवात त्याच्यापासून होते. होल्डिंग, गार्नर, क्रॉफ्ट, मार्शल हे सगळे त्याच्या मागून आले.

त्याचा चेहरा मात्र बोलायचा नाही. विकेट घेतल्यावर उड्या नाहीत, फलंदाजाला शिवी नाही, पंचांकडे डोळे वटारणं नाही. चेंडू टाकायचा, वळायचं आणि परत रनअपच्या खुणेकडे चालू लागायचं. फलंदाजांना याचीच जास्त भीती वाटायची, कारण पुढे काय येणार याचा अंदाज त्या चेहऱ्यावरून लागायचा नाही.

२. अँटिग्वा कुठे आहे आणि किती लहान आहे?

कॅरिबियन समुद्राच्या पूर्व कडेला लहान लहान बेटांची एक रांग आहे. त्या रांगेच्या उत्तर भागाला लीवर्ड बेटं म्हणतात. अँटिग्वा त्यांतलं एक. क्षेत्रफळ २८१ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. शेजारच्या बार्बुडासह देशाचं नाव अँटिग्वा आणि बार्बुडा, आणि दोन्ही मिळून लोकसंख्या एक लाखाच्या आसपास. राजधानी सेंट जॉन्स. देश १ नोव्हेंबर १९८१ रोजी स्वतंत्र झाला. रॉबर्ट्स पहिली कसोटी खेळला तेव्हा अँटिग्वा अजून ब्रिटनच्या अखत्यारीत होतं.

रॉबर्ट्सचं गाव उर्लिंग्ज. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला, समुद्राला चिकटून, कोळ्यांच्या वस्तीचं. घरात चौदा भावंडं. कोकण किनाऱ्यावरच्या वाचकाला गावाचं चित्र लगेच डोळ्यांपुढे येईल: मासेमारीच्या होड्या, एकच मुख्य रस्ता, आणि शहरात जाणं हे एक कामच.

३. मग तो अँटिग्वाकडून न खेळता वेस्ट इंडीजकडून कसा खेळला?

वेस्ट इंडीज हा देश नाही. अनेक देशांचा आणि प्रदेशांचा मिळून उभा केलेला तो एक क्रिकेट संघ आहे. जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद आणि टोबॅगो, गयाना हे त्यातले चार मोठे. त्यांच्या जोडीला लीवर्ड आणि विंडवर्ड या दोन गटांतली लहान बेटं. ऑलिंपिकमध्ये यांतले देश आपापल्या झेंड्याखाली उतरतात, फुटबॉलही वेगवेगळे खेळतात. क्रिकेटमध्ये मात्र सगळे एकत्र.

या नियमालाही एक अपवाद घडला आहे, आणि त्यात समोर भारतच होता. प्रश्न १८ पाहा.

४. लहान बेटांवरच्या मुलांना संधी मिळत नव्हती, हे खरं की नंतर रचलेली गोष्ट?

खरं आहे, आणि ते सिद्ध करायला कसोटी मैदानांची यादी पुरेशी आहे. १९८१पर्यंत वेस्ट इंडीजमधली कसोटी म्हटली की चारच ठिकाणं: किंग्स्टन, ब्रिजटाउन, पोर्ट ऑफ स्पेन आणि जॉर्जटाउन. चारही मोठ्या प्रदेशांत. लहान बेटावरच्या मुलाला कसोटी बघायची तर आधी समुद्र ओलांडायला हवा.

देशांतर्गत क्रिकेटमध्येही तेच. शेल शील्ड स्पर्धेत मोठ्या चौघांना स्वतःचे संघ होते, आणि लीवर्ड-विंडवर्डची झाडून सगळी बेटं मिळून 'कंबाइन्ड आयलंड्स' हा एकच संघ. बेटं डझनभर, जागा अकरा. आपल्याकडे विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि कोकण मिळून एकच रणजी संघ असता आणि मुंबईला मात्र स्वतःचा, तर अमळनेरच्या किंवा मालवणच्या मुलाचं काय झालं असतं, त्याची कल्पना करा.

हाच कंबाइन्ड आयलंड्स संघ १९८०-८१मध्ये शेल शील्ड जिंकला आणि पुढच्या हंगामापासून लीवर्ड आणि विंडवर्ड वेगळे खेळू लागले. पण रॉबर्ट्स वर आला तो या सगळ्याच्या आधी. त्याची कारकीर्द आकड्यांपेक्षा मोठी आहे असं मला वाटतं ते याच कारणानं. तो येण्याआधी निवड समितीची नजर या बेटांवर क्वचित पडायची. तो आल्यानंतर ती इथून हटवणं अवघड झालं.

५. लहान बेटांवरून आलेला पहिला कसोटीपटू रॉबर्ट्सच ना?

नाही. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते, कारण तीन वेगवेगळे 'पहिले' आहेत.

विंडवर्ड गटातल्या सेंट व्हिन्सेंटचा आल्फी रॉबर्ट्स १९५६मध्येच, वयाच्या अठराव्या वर्षी, न्यूझीलंडविरुद्ध ऑकलंडला खेळला होता. आडनाव तेच असलं तरी नातं काही नाही. लीवर्ड बेटांतून पहिला आला तो नेव्हिसचा डावखुरा फिरकी गोलंदाज एल्क्वेमेडो विलेट, १९७३मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध. आणि अँटिग्वातून पहिला अँडी रॉबर्ट्स, मार्च १९७४मध्ये.

फरक असा की आधीच्या मंडळींना मोजकेच सामने मिळाले. संघात ठाण मांडून बसलेला आणि ज्याच्याशिवाय अकरा जणांची यादीच पुरी होईना असा लहान बेटावरचा पहिला खेळाडू रॉबर्ट्सच. एवढ्या अर्थानं 'पहिला' म्हणणाऱ्याचं फारसं चुकत नाही.

६. अँटिग्वातून तो इंग्लंडला पोहोचला कसा?

लोकांच्या वर्गणीतून. १९७२च्या अखेरीस अँटिग्वातल्या क्रिकेटवेड्या मंडळींनी पैसे जमवून दोन तरुणांना लंडनला, अल्फ गोव्हर यांच्या क्रिकेट शाळेत पाठवलं. एक अँडी रॉबर्ट्स, दुसरा व्हिव्हियन रिचर्ड्स. गोव्हर हे स्वतः सरे आणि इंग्लंडचे जुने वेगवान गोलंदाज, आणि वॉन्ड्सवर्थमधली त्यांची शाळा म्हणजे छताखालची नेट्स.

उष्ण कटिबंधातली दोन पोरं, ऐन हिवाळ्यातलं लंडन. तो मुक्काम सुखाचा नव्हता. पण पुढे त्यातून काय उभं राहिलं ते बघा: एकानं कसोटीत २०० बळी घेतले, दुसऱ्यानं साडेआठ हजार धावा केल्या. एका छोट्या बेटानं गोळा केलेल्या वर्गणीचं एवढं चीज झाल्याचं दुसरं उदाहरण मला क्रिकेटमध्ये आठवत नाही.

१९७३मध्ये रॉबर्ट्स इंग्लंडच्या देशांतर्गत क्रिकेटमधल्या हॅम्पशायर या कौंटी संघाकडे गेला. याच कौंटीकडून अँटिग्वात जन्मलेला डॅनी लिव्हिंगस्टोन आधी बरीच वर्षं खेळून गेला होता.

७. हॅम्पशायरकडून त्याचा पहिला पूर्ण हंगाम एवढा गाजला का?

१९७४च्या त्या एका मोसमात ११९ बळी, सरासरी १३.६२. आकडा पुन्हा वाचा. इंग्लंडमधले तेव्हाचे नावाजलेले फलंदाज समोर असताना एका बळीमागे चौदासुद्धा धावा दिल्या नाहीत.

त्याच हंगामात बेसिंगस्टोकला कॉलिन काउड्री त्याचा बाउन्सर (आखूड टप्प्याचा, डोक्यापर्यंत उसळणारा चेंडू) लागून स्वतःच्याच यष्ट्यांवर कोसळला. टाँटनला बेन्सन अँड हेजेस चषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात सॉमरसेटच्या एका अठरा वर्षांच्या पोराच्या तोंडावर त्याचा चेंडू आदळला, दात तुटले, रक्त आलं. पोरगा मैदान सोडून गेला नाही. नाबाद ४५ करून एका विकेटनं सामना जिंकून आला. त्याचं नाव इयान बोथम.

एवढं करून हॅम्पशायर कौंटी स्पर्धेत विजेतं झालं नाही. शेवटचा सामना पावसात वाहून गेला आणि वूस्टरशायर दोन गुणांनी पुढे राहिलं. १९७५मध्ये 'विस्डेन' या क्रिकेट वार्षिकानं वर्षाच्या पाच क्रिकेटपटूंत त्याची निवड केली.

८. 'दोन बाउन्सर'ची गोष्ट काय आहे?

त्याच्याबद्दल सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर ऐकायला सोपं आहे. त्याच्याकडे बाउन्सर एक नव्हता, दोन होते. पहिला जरा मंद. फलंदाजाला तो दिसायचा, वेळ मिळायचा, तो हूक मारायचा, कधी चौकारही जायचा. फलंदाजाला वाटायचं, याची उसळी आपल्याला कळली. मग काही चेंडूंनी, कधी काही षटकांनी, दुसरा यायचा. रनअप तोच, हात तोच, टप्पाही साधारण तोच, पण वेग कितीतरी जास्त. फलंदाज आधीच्या चेंडूच्या हिशेबानं बॅट फिरवायचा आणि चेंडू बॅटच्या आधी डोक्यापाशी पोहोचलेला असायचा. हेल्मेटांचा जमाना अजून यायचा होता, हे ध्यानात घ्या.

पण ही झाली फक्त गोष्टीची पहिली पायरी. तो खरा किती हुशार होता ते दुसऱ्या पायरीवर कळतं. एकदा ही ख्याती पसरल्यावर फलंदाज प्रत्येक मंद बाउन्सरनंतर मागे सरून दुसऱ्याची वाट बघू लागले, आणि रॉबर्ट्स पुढच्या टप्प्यावर टाकून त्यांना पायचीत किंवा त्रिफळाचीत करू लागला. म्हणजे दुसरा बाउन्सर न टाकताही त्याचं काम व्हायचं. वेगवान गोलंदाजी ही खांद्याची कमी आणि डोक्याची जास्त, हे पुढच्या पिढीनं शिकलं ते बरंचसं त्याच्याकडून. १९७८नंतर त्यानं हॅम्पशायर सोडलं आणि त्याच्या जागी बार्बाडोसचा, वेगवान गोलंदाजाच्या मानानं बुटका एक तरुण आला, माल्कम मार्शल. तोही डोक्यानं गोलंदाजी करण्यासाठीच नावाजला गेला.

९. रॉबर्ट्सची पहिली कसोटी भारतात, बंगळूरला झाली होती का?

नाही. बंगळूरला नोव्हेंबर १९७४मध्ये पदार्पण केलं ते रिचर्ड्स आणि गॉर्डन ग्रिनिजनं. रॉबर्ट्सचं पदार्पण त्याआधीचं, मार्च १९७४, इंग्लंडविरुद्ध ब्रिजटाउनला. ती कसोटी लॉरेन्स रोच्या ३०२ धावांसाठी ओळखली जाते. रॉबर्ट्सला तीन बळी मिळाले आणि त्या मालिकेत त्याला पुन्हा खेळवलं गेलं नाही. मग हॅम्पशायरचा तो हंगाम झाला (प्रश्न ७) आणि भारत दौऱ्यावर त्याला वगळण्याची सोयच राहिली नाही.

१०. १९७४-७५च्या भारत दौऱ्यात त्यानं नेमकं काय केलं? सुधीर नाईकची ती विकेट खरी का?

खरी. कोलकात्याच्या तिसऱ्या कसोटीचा अगदी पहिला चेंडू, गोलंदाज रॉबर्ट्स, फलंदाज मुंबईचा सुधीर नाईक, झेल यष्टिरक्षक डेरेक मरेच्या हातात. सामन्यातली पहिली धाव व्हायच्या आत भारताची एक विकेट गेलेली. त्या मालिकेत सुनील गावसकर बोटाच्या दुखापतीमुळे मधल्या तीन कसोटींना मुकला होता, त्यामुळे नव्या चेंडूसमोर कोण उभं राहणार ही चिंता होतीच.

पाच कसोटींत रॉबर्ट्सनं ३२ बळी घेतले. बंगळूर आणि दिल्ली वेस्ट इंडीजनं जिंकल्या, कोलकाता आणि चेन्नई भारतानं, आणि २-२ अशा बरोबरीत मालिका मुंबईला आली.

चेन्नईबद्दल थोडं थांबून लिहायला हवं. पहिल्या डावात रॉबर्ट्सनं ६४ धावांत ७ बळी घेतले, दुसऱ्यात ५७ धावांत ५. सामन्यात १२१ धावांत १२, ही त्याची कारकिर्दीतली सर्वोत्तम कामगिरी. आणि तरी वेस्ट इंडीज हरलं. कारण एका टोकाला गुंडाप्पा विश्वनाथ उभा होता. भारताच्या १९० धावांत त्याच्या नाबाद ९७. शतकाला तीन कमी पडल्या, साथीदारच संपले. तो डाव ऐकलेली माणसं अजून त्याचे स्क्वेअर कट हातानं करून दाखवतात. रॉबर्ट्स भारतात सर्वांत चांगला खेळला तो नेमका ज्या दिवशी त्याला विश्वनाथ भेटला त्या दिवशी. असे दोघं एकाच खेळपट्टीवर एकाच वेळी बघायला मिळणं हे चेन्नईकरांचं भाग्य.

शेवटची कसोटी जानेवारी १९७५मध्ये वानखेडेवर, त्या मैदानावरची पहिलीच. क्लाइव्ह लॉइडनं नाबाद २४२ केल्या, आपल्या एकनाथ सोलकरनं शतक ठोकलं, परतलेल्या गावसकरनं ८६ केल्या. पण सामना आणि मालिका पाहुण्यांनी नेली.

सुधीर नाईकचं पुढे काय झालं तेही अनेक जण विचारतात. तो वानखेडेचा क्युरेटर झाला. २०११च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची खेळपट्टी त्याच्याच देखरेखीखालची. आणि रॉबर्ट्सनं निवृत्तीनंतर काय केलं, ते प्रश्न १६मध्ये वाचा. दोघांची वाट पुन्हा मातीपाशीच येऊन मिळाली.

११. तो खरोखर किती वेगात टाकायचा?

मोजमापं दोन आढळतात आणि दोन्हींत खूप अंतर आहे, म्हणून वाद होतात. १९७५मध्ये पर्थला केलेल्या मोजणीत ताशी १५९.५ किलोमीटर. १९७९मध्ये पर्थलाच झालेल्या वेगवान गोलंदाजांच्या स्पर्धेत १३८.६. मोजण्याची पद्धत वेगळी, मधे काही वर्षांचा काळ आणि दुखापती. त्यामुळे हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून 'वेग वीस किलोमीटरनं घटला' असं म्हणू नये. १९७५च्या डिसेंबरात पर्थच्या कसोटीत त्यानं ऑस्ट्रेलियाचे ५४ धावांत ७ बळी घेतले. डावातली त्याची सर्वोत्तम कामगिरी तीच.

१२. सर्वांत वेगानं १०० बळी त्याचेच का?

विश्वविक्रम नव्हे, तो इंग्लंडच्या जॉर्ज लोहमनचा, १६ कसोटींत, एकोणिसाव्या शतकातला. रॉबर्ट्सला १९ कसोटी लागल्या. सामन्यांऐवजी काळ मोजला तर पदार्पणापासून अडीच वर्षंही झाली नव्हती, आणि इतक्या कमी काळात तिथवर तोवर कोणी पोहोचलं नव्हतं. दोन्ही विधानं लोक एकमेकांत मिसळतात. हा टप्पा १९७६च्या इंग्लंड दौऱ्यातला. त्या मालिकेत त्यानं २८ बळी घेतले, होल्डिंगनंही तेवढेच. लॉर्ड्सला एकाच सामन्यात दहा.

१३. तो फलंदाजीही करायचा का? १९७५च्या विश्वचषकात त्यानं वेस्ट इंडीजला वाचवलं असं ऐकलंय.

ऐकलंय ते बरोबर. ११ जून १९७५, एजबॅस्टन, समोर पाकिस्तान, लक्ष्य २६७. वेस्ट इंडीज ९ बाद २०३. डेरेक मरेच्या साथीला अकराव्या क्रमांकावर रॉबर्ट्स आला. हव्यात ६४. दोघांनी त्या केल्या, आणि शेवटचे दोन चेंडू शिल्लक होते. मरे नाबाद ६१, रॉबर्ट्स नाबाद २४. पुढे वेस्ट इंडीजनं पहिलावहिला विश्वचषक जिंकला.

असं त्यानं एकदाच केलं नाही. १९८१मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला बोथमच्या एका षटकात २४ धावा कुटल्या. ९-१० जून १९८३ला ओल्ड ट्रॅफर्डवर, ज्या सामन्यात भारतानं वेस्ट इंडीजला विश्वचषकात प्रथमच हरवलं, त्यात त्यानं आणि गार्नरनं शेवटच्या विकेटसाठी ७१ धावा जोडून आपला जीव टांगणीला लावला होता. अखेर रवी शास्त्रीच्या चेंडूवर किरमाणीनं गार्नरला यष्टिचीत केलं तेव्हा सुटलो. रॉबर्ट्स नाबाद ३७, गार्नरही ३७. कसोटीतली त्याची सर्वोच्च धावसंख्या ६८, तीही भारताविरुद्धच (प्रश्न १५).

१४. १९८३च्या अंतिम सामन्यात गावसकरला बाद करणारा हाच ना? आणि त्याआधी जमैकात काय झालं होतं?

हाच. २५ जून १९८३, लॉर्ड्स: गावसकर झेल दुजाँ, गोलंदाज रॉबर्ट्स, धावा २. नंतर कीर्ती आझाद शून्यावर आणि रॉजर बिन्नी, तेही त्याचेच. दहा षटकांत ३२ धावा देऊन ३ बळी. फलंदाजीत कपिल देवनं त्याला चार धावांवर पायचीत केलं. आपण त्या दिवसाची गोष्ट सांगताना मार्शलचा आणि होल्डिंगचा वेग सांगतो. पहिला घाव घातला होता तो ३२ वर्षांच्या रॉबर्ट्सनं.

जमैकाची गोष्ट चार महिने आधीची, फेब्रुवारी १९८३, किंग्स्टनची पहिली कसोटी. शेवटच्या दिवशी चहापानाला भारत ६ बाद १६८. सामना अनिर्णित, असं धरून लोक उठू लागले असतील. चहानंतरच्या पहिल्याच षटकात रॉबर्ट्सनं तीन बळी घेतले. भारत १७४ धावांत सर्वबाद, रॉबर्ट्स ३९ धावांत ५. वेस्ट इंडीजला राहिलेल्या २६ षटकांत १७२ धावा हव्या होत्या. चार चेंडू राखून त्या झाल्या. त्या मालिकेत त्यानं २४ बळी घेतले.

त्याच मालिकेची पाचवी कसोटी सेंट जॉन्सला, म्हणजे रॉबर्ट्सच्या अंगणात झाली. धावांचा नुसता पूर: शास्त्रीचं शतक, वेंगसरकरच्या ९४, कपिलच्या ९८. घरच्या मैदानावर गोलंदाजाचं काही चालेना असाही दिवस येतो.

१५. त्याची शेवटची कसोटी कोणती?

डिसेंबर १९८३, चेन्नई. गावसकरच्या नाबाद २३६ची, तिसाव्या शतकाची ती कसोटी. तिच्या आधीच्या कोलकाता कसोटीत त्यानं लॉइडबरोबर नवव्या विकेटसाठी १६१ धावा जोडल्या. लॉइड नाबाद १६१, रॉबर्ट्स ६८.

म्हणजे ज्या दोन शहरांत १९७४-७५मध्ये त्यानं भारताला सर्वांत जास्त छळलं, तिथेच त्याची कसोटी कारकीर्द संपली.

१६. निवृत्तीनंतर तो काय करत होता?

लीस्टरशायरकडून १९८४पर्यंत कौंटी खेळला. नंतर वेस्ट इंडीजचा प्रशिक्षक झाला; १९९६च्या विश्वचषकात भारतात आलेल्या संघाबरोबर तोच होता. पुढे निवड समितीवरही राहिला.

पण मला सर्वांत भावतं ते त्याचं तिसरं काम. सेंट जॉन्सच्या अँटिग्वा रिक्रिएशन ग्राउंडच्या खेळपट्ट्यांची देखरेख तो करू लागला. आयुष्यभर फलंदाजांच्या बरगड्या शेकणाऱ्या माणसानं बनवून घेतलेल्या खेळपट्ट्या फलंदाजांना स्वर्ग वाटायच्या. ब्रायन लारानं १९९४मध्ये ३७५ आणि २००४मध्ये नाबाद ४०० धावा केल्या त्या याच मैदानावर.

१७. त्याच्यामागून अँटिग्वातून आणि इतर लहान बेटांवरून कोण कोण आलं?

अँटिग्वातून रिचर्ड्स, मग रिची रिचर्डसन, मग ४०५ बळी घेणारा कर्टली अँब्रोज. रिचर्ड्स आणि रिचर्डसन दोघंही वेस्ट इंडीजचे कर्णधार झाले. लाखभर वस्तीच्या देशातून हे चौघं. १९८१मध्ये सेंट जॉन्स हे वेस्ट इंडीजचं पाचवं कसोटी मैदान ठरलं आणि पहिल्याच कसोटीत रिचर्ड्सनं, लग्नाला आठवडाही झाला नसताना, शतक केलं.

मग इतर बेटंही आली. अँग्विलाचा ओमारी बँक्स २००३मध्ये. सेंट लुशियाचा डॅरेन सॅमी २००७मध्ये, आणि तो तर कर्णधार म्हणून दोन टी-ट्वेन्टी विश्वचषक घेऊन गेला. माँटसेराटचा लायोनेल बेकर २००८मध्ये. आज डॉमिनिका, सेंट लुशिया, ग्रेनाडा या बेटांवरही कसोटी सामने होतात. मुंबईच्या यशस्वी जैस्वालनं २०२३मध्ये पदार्पणातच १७१ केल्या त्या डॉमिनिकात.

१८. अँटिग्वा कधी स्वतंत्र संघ म्हणून भारताविरुद्ध खेळलंय का?

हो, एकदा. १९९८च्या क्वालालंपूर राष्ट्रकुल स्पर्धेत क्रिकेट होतं आणि तिथे वेस्ट इंडीज या नावानं उतरता येत नव्हतं. प्रत्येक देशाला वेगळं यावं लागलं. भारताची गाठ अँटिग्वा आणि बार्बुडाशी पडली. पावसामुळे निकाल लागला नाही. रॉबर्ट्स अर्थातच त्यात नव्हता.

१९. केरी पॅकरच्या आणि दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यांवर तो गेला होता का?

ऑस्ट्रेलियन उद्योगपती पॅकरनं काढलेल्या वर्ल्ड सीरीज क्रिकेट या खासगी स्पर्धेत होता, रिचर्ड्स, होल्डिंग, लॉइड यांच्यासारखाच. त्यामुळे १९७८-७९च्या सुमारास त्याच्या कसोटी सामन्यांत खंड दिसतो. तो दुखापतीचा नव्हे. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेवरचा बहिष्कार मोडून १९८३ला तिथे गेलेल्या बंडखोर संघात तो नव्हता. चौकडीतला कॉलिन क्रॉफ्ट होता, आणि बहुधा त्यामुळेच लोक रॉबर्ट्सलाही त्यात ओढतात.

२०. आकडे एकाच ठिकाणी मिळतील का?

कसोटी ४७, बळी २०२, सरासरी २५.६१, धावा ७६२. एकदिवसीय ५६, बळी ८७, सरासरी २०.३५. प्रथम श्रेणीत ८८९ बळी, सरासरी २१.०१. आयसीसी हॉल ऑफ फेम २००९. अँटिग्वा सरकारकडून 'सर' हा किताब २०१४मध्ये, रिचर्डसन आणि अँब्रोजसोबत एकाच समारंभात. रिचर्ड्सला तो आधीच मिळाला होता. नव्या सर व्हिव्हियन रिचर्ड्स स्टेडियमच्या एका टोकाला रॉबर्ट्सचं नाव आहे, समोरच्या टोकाला अँब्रोजचं. अजिंक्य रहाणेनं २०१९मध्ये १०२ धावा केल्या त्या याच दोन टोकांच्या मधे.

२१. जुन्या धावफलकांत 'ए. एम. ई. रॉबर्ट्स', 'ए. टी. रॉबर्ट्स' आणि 'एल. ए. रॉबर्ट्स' अशी तीन नावं दिसतात. आपला कोणता?

ए. एम. ई. म्हणजे अँडरसन माँटगोमरी एव्हर्टन, आपला अँडी. ए. टी. हा सेंट व्हिन्सेंटचा आल्फी (प्रश्न ५), एक कसोटी. एल. ए. म्हणजे लिंकन रॉबर्ट्स, टोबॅगोचा. तोही एकच कसोटी खेळला, १९९९मध्ये किंग्स्टनला, आणि शून्यावर बाद झाला. तिघंही लहान बेटांवरचेच.